लहान योजनांचे पाणी आणि नोंदीचा खरेपणा

पिण्याच्या पाण्याविषयीच्या सार्वजनिक चर्चेत धरणे, कालवे आणि शहरांची जलशुद्धीकरण केंद्रे यांना जे स्थान मिळते, ते दीड-दोन हजार वस्तीच्या गावाची विहीर, तिच्यावरचा पंप, गावठाणाच्या उंचवट्यावरची टाकी आणि तिथून घरोघर गेलेली जलवाहिनी यांना क्वचितच मिळते. वस्तुतः महाराष्ट्राच्या ग्रामीण लोकसंख्येचा मोठा हिस्सा अशाच लहान नळपाणीपुरवठा योजनांवर अवलंबून आहे. या योजनांना स्वतंत्र अभियंता नसतो, रसायनतज्ज्ञ नसतो, स्वतःची प्रयोगशाळा तर नसतेच. पंप सुरू करणे, व्हॉल्व्ह फिरवून वस्तीनिहाय पाणी सोडणे, गळती काढणे, टाकीत ब्लीचिंग पावडर टाकणे आणि त्याची वहीत नोंद ठेवणे ही सगळी कामे बहुधा ग्रामपंचायतीचा एकच कर्मचारी करतो आणि पुष्कळदा पाणीपट्टीच्या वसुलीलाही तोच हिंडतो. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे, की अशा योजनेतील पाण्याची सुरक्षितता तपासण्यांच्या संख्येवर जितकी अवलंबून असते, त्याहून कितीतरी अधिक ती प्रतिकूल निष्कर्ष निर्भयपणे नोंदवता येणे आणि त्यावर ठरावीक मुदतीत कृती होणे, या दोन गोष्टींवर अवलंबून असते.

लहान योजना म्हणजे नेमके काय, याची व्याख्या देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे किमान 15 नळजोडण्या असलेली किंवा वर्षभर राहणाऱ्या किमान 25 लोकांना पाणी पुरवणारी यंत्रणा सामुदायिक पाणीपुरवठा यंत्रणा ठरते, आणि तिने ठरलेल्या वेळी नमुने घेऊन अहवाल सादर करणे कायद्याने बंधनकारक असते. भारतात अशी संख्येवर आधारलेली रेषा नाही. राज्यघटनेच्या 73 व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींकडे सोपवण्याजोगा म्हणून नोंदला गेला, आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायत हीच गावाच्या योजनेची चालक झाली. सत्तेच्या विकेंद्रीकरणाची ही दिशा योग्यच होती. पण पाणी देण्याची जबाबदारी जितक्या सहजपणे खाली आली, तितक्या सहजपणे ते पाणी निर्धोक राखण्यासाठी लागणारे प्रशिक्षण, वेतन आणि तांत्रिक आधार खाली आला नाही.

पाणी दूषित कसे होते, हे समजून घेण्यासाठी जमिनीपासूनच सुरुवात करावी लागते. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भूभाग दख्खनच्या काळ्या कातळाने, म्हणजे बेसाल्टने व्यापलेला आहे. हा खडक स्वतः पाणी फारसे धरत नाही. त्यातील पाणी वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगा-सांध्यांत साठते. वाळूच्या जाड थरातून झिरपताना पाणी जसे गाळले जाते, तसे भेगेतून वाहताना गाळले जात नाही, त्यामुळे विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडा, गोठा किंवा शोषखड्ड्याऐवजी थेट जमिनीत सोडलेले शौचालय असेल, तर पहिल्या जोरदार पावसानंतर त्यातील घाण थोड्याच वेळात विहिरीत उतरू शकते. दुसरा मार्ग जलवाहिनीतून जातो. गावांत पाणी दिवसातून तासभर, उन्हाळ्यात तर दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा सोडले जाते. पुरवठा बंद झाला की वाहिनीतील दाब उतरतो, आणि गटारालगतच्या गळक्या सांध्यांतून किंवा पाण्याने भरलेल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. पुन्हा पाणी सोडल्यावर तेच सर्वांत आधी नळाला येते. म्हणजे टाकीतले पाणी शुद्ध असूनही शेवटच्या घरातले पाणी दूषित असू शकते, आणि केवळ टाकीजवळ घेतलेला नमुना या दोषाचा मागमूसही दाखवत नाही.

या दुहेरी धोक्यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे क्लोरीन. गावात ज्याला नुसते टीसीएल म्हणतात, ती ब्लीचिंग पावडर ताजी असताना तिच्यात वजनाच्या सुमारे 33 टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. पण हवा, ओल आणि ऊन लागले की तो उडून जातो. या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीचा परिणाम आकड्यांत पाहिला तर तिचे गांभीर्य कळते. पन्नास हजार लिटरच्या टाकीत लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा, तर 50 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ताज्या पावडरीचे सुमारे 150 ग्रॅम लागतात. तीच पावडर ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात फाटक्या पिशवीत पडून 15 टक्क्यांवर आलेली असेल, तर त्याच 150 ग्रॅमने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमही क्लोरीन मिळत नाही. त्यातच पावसाळ्यात पाणी गढूळ झाले, की गाळ आणि सेंद्रिय पदार्थ बराचसा क्लोरीन स्वतःच खाऊन टाकतात. याला क्लोरीनची मागणी म्हणतात. कर्मचाऱ्याने नेमून दिलेले माप प्रामाणिकपणे टाकले, वहीत खरी नोंद केली, आणि तरीही जंतू जिवंत राहिले, असे घडू शकते. म्हणून पावडर किती टाकली याची नोंद पुरेशी नसते. किमान अर्धा तास क्लोरीन पाण्यात राहू दिल्यावर नळाला तो किती उरला, हे पाहावे लागते. या उरलेल्या भागाला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात, आणि पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे तो ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावा लागतो.

हे पाहण्याची गावातली रीत म्हणजे ओटी चाचणी. परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे काही थेंब टाकले, की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते आणि रंगाच्या गडदपणावरून त्याचे प्रमाण ठरवता येते. (हे रसायन आरोग्यास अपायकारक असल्यामुळे अनेक देशांनी त्याच्याऐवजी डीपीडी हे अभिकर्मक स्वीकारले आहे, आणि इथेही तो बदल सर्वत्र होणे इष्ट आहे.) चाचणी स्वस्त आहे, क्षणात होते आणि शाळकरी मुलालाही जमते. महत्त्वाचा प्रश्न ती कोणत्या नळावर करायची हा आहे. वाहिनीच्या अगदी टोकाचे घर हे तिचे योग्य ठिकाण, कारण तिथे क्लोरीन उरला असेल तर अलीकडे तो बहुधा असतोच. आणि गावाच्या रचनेकडे पाहिले, तर टोकाची ती घरे कोणाची असतात, हेही नजरेआड करता येत नाही. अनेक गावांत जलवाहिनीचे शेवटचे टोक दलित वस्तीत, आदिवासी पाड्यात किंवा गावकुसाबाहेर वसलेल्या मजुरांच्या घरांपाशी संपते. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, त्याने सार्वजनिक पाण्यावरील समान हक्काचा प्रश्न देशापुढे ठेवला. त्या समतेचा आजचा एक निकष असा, की सरपंचाच्या नळाला जेवढा अवशिष्ट क्लोरीन आहे, तेवढाच शेवटच्या वस्तीच्या नळालाही असला पाहिजे.

क्लोरीनची चाचणी बचाव शाबूत आहे की नाही एवढे सांगते. विष्ठेतून आलेले प्रदूषण प्रत्यक्ष झाले आहे का, हे जैविक तपासणीतून कळते. ई-कोलाय हा माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यांत राहणारा जिवाणू पाण्यात सापडला, तर त्या पाण्यात विष्ठेचा अंश मिसळला आहे असे मानतात, आणि मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर नमुन्यात तो मुळीच आढळता कामा नये. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन आस्थापनेतील के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात विष्ठाजन्य जिवाणूंनी तयार केलेल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे बाटलीतील पाणी काळे पडते. प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या गावांना तिचा फार उपयोग झाला. प्रयोगशाळेत पाठवायच्या नमुन्याची शिस्त मात्र कडक असते. बाटली निर्जंतुक हवी, तिच्यात सोडियम थायोसल्फेट हवे, ती थंड ठेवून शक्यतो सहा तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत पोहोचायला हवी. थायोसल्फेट नसेल तर बाटलीतला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो, आणि नळाला दूषित असलेले पाणी कागदावर शुद्ध ठरते.

आता तपासणीच्या वारंवारतेकडे वळू. जल जीवन मिशनच्या चौकटीनुसार प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा अपेक्षित आहे. अनुपालन, म्हणजे नियमाने सांगितलेले करणे, हाच निकष लावला तर दोन नमुने दिलेले गाव निर्दोष ठरते. पण एखाद्या गावाचे पाणी वर्षातील दहा टक्के दिवस, म्हणजे साधारण 36 दिवस दूषित राहते असे धरले आणि नमुने कोणत्याही दिवशी घेतले, तर दोन नमुन्यांत तो दोष सापडण्याची शक्यता अवघी 19 टक्के असते. दरमहा एक नमुना घेतला तर ती सुमारे 72 टक्के, आणि दरमहा दोन घेतले तर 92 टक्क्यांवर जाते. शिवाय प्रदूषणाचे दिवस वर्षभर विखुरलेले नसतात. ते जून ते सप्टेंबर या काळात एकवटलेले असतात, आणि नियमातले दोन नमुने नेमके त्या काळाच्या अलीकडे-पलीकडे पडतात. म्हणून रोजची ओटी चाचणी आणि पावसाळ्यातील जादा जैविक नमुने यांना पर्याय नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत केलेली रचना कागदावर तरी अनेक राज्यांपेक्षा विचारपूर्वक केलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नेमला जातो, स्रोतांच्या परिसराचे स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होते, आणि त्यातील जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकवून साथरोग येऊ न देणाऱ्या ग्रामपंचायतीसाठी चंदेरी कार्डही आहे. विहिरीभोवतीचा फुटलेला कट्टा, व्हॉल्व्हच्या खड्ड्यातले पाणी, टीसीएलचा संपलेला साठा अशा डोळ्यांना दिसणाऱ्या त्रुटी आजार होण्यापूर्वीच टिपणे, हा या सर्वेक्षणाचा गाभा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2004 पासून पुरस्कारलेल्या पाणी सुरक्षा आराखड्याच्या विचाराशी तो जुळतो. जल जीवन मिशननेही प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद केली. उणीव आहे ती कार्डाच्या अर्थात. लाल कार्ड म्हणजे मदतीची हाक, असा त्याचा मूळ हेतू. परंतु ते गावाची बदनामी आणि ग्रामसेवकाच्या कामावरचा ठपका ठरू लागले, की ते टाळण्याकडेच सगळ्यांचा कल होतो. दोष दुरुस्त करण्यापेक्षा तो न लिहिणे सोपे असते, आणि कोरी राहिलेली वही महिन्याच्या अखेरीस एकाच बैठकीत, एकाच पेनाने भरली जाते.

ही प्रवृत्ती फक्त गरीब देशांत किंवा अशिक्षित समाजात दिसते असे कोणी मानू नये. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या वॉकर्टन या सुमारे 4,800 वस्तीच्या गावात मे 2000 मध्ये जे घडले, ते लहान योजना चालवणाऱ्या प्रत्येकाने तपशिलात जाणून घ्यावे असे आहे. गावाच्या विहिरींपैकी पाच क्रमांकाची विहीर उथळ होती आणि तिचे पाणी भेगाळ खडकातून येत असे. 8 ते 12 मे या दिवसांत मुसळधार पाऊस झाला आणि जवळच्या शेतावरील शेणखतातले जिवाणू त्या भेगांतून विहिरीत उतरले. त्यात ई-कोलायचा ओ157:एच7 हा घातक प्रकार आणि कँपिलोबॅक्टर जेजुनी हे दोन्ही होते. 15 मे रोजी घेतलेल्या नमुन्यांचा प्रतिकूल अहवाल खासगी प्रयोगशाळेने 17 मे रोजी योजनेच्या व्यवस्थापकाला कळवला. परंतु आरोग्य खात्याला तो कळवण्याचे कायदेशीर बंधन प्रयोगशाळेवर नव्हते, आणि व्यवस्थापकाने तो दडवला. गावात रक्ताची हगवण सुरू झाल्यावर आरोग्य अधिकाऱ्यांनी विचारणा केली, तेव्हाही पाणी ठीक असल्याचे सांगण्यात आले. अखेर 21 मे रोजी आरोग्य खात्याने स्वतःच्या निर्णयाने पाणी उकळून पिण्याची सूचना काढली. तोवर उशीर झाला होता. सात माणसे दगावली आणि 2,300 हून अधिक आजारी पडली.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने जानेवारी 2002 मध्ये दिलेल्या अहवालाचा पहिला भाग या विषयावरचा पायाभूत ग्रंथच म्हणावा लागेल. त्यात असे उघड झाले, की योजनेचे चालक वर्षानुवर्षे क्लोरीन कमी टाकत होते, रोजची चाचणी बहुतेक दिवशी करतच नव्हते, नोंदवहीत क्लोरीनचे ठोकळ आकडे मनाने भरत होते, आणि नमुना एका ठिकाणचा घेऊन बाटलीवर दुसऱ्याच ठिकाणाचे नाव लिहीत होते. त्यांच्या मनात गावाचा घात करण्याचा हेतू नव्हता. विहिरीचे पाणी मुळातच चांगले आहे अशी त्यांची समजूत होती, ते स्वतः ते पाणी क्लोरीनशिवाय पीत, आणि क्लोरीनच्या चवीबद्दल लोक तक्रारी करत. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल; पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून टाकी भरताना पावडर कमी टाकायला सांगणारे गावकरी आणि त्यांचे मन न मोडणारा कर्मचारी महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात भेटतात. आयोगाने चालकांच्या दोषाबरोबरच देखरेख करणाऱ्या शासकीय खात्याचे दोषही तितक्याच स्पष्टपणे मांडले. तपासनिसांना जुन्या नोंदींतील विसंगती दिसू शकत होती, खात्याच्या खर्चात कपात झाली होती, आणि पाच क्रमांकाच्या विहिरीवर क्लोरीन व गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे बसवली असती तर ही साथ टळली असती. त्यानंतर ऑन्टॅरिओने 2002 मध्ये सुरक्षित पिण्याच्या पाण्याचा कायदा केला. चालकांचे प्रशिक्षण व परवाना, प्रतिकूल निष्कर्षाची तात्काळ सूचना आणि लोकप्रतिनिधींची वैयक्तिक जबाबदारी या गोष्टी त्यामुळे कायद्यात आल्या.

उलट, वाईट बातमी शोधून काढणाऱ्याचा सन्मान झाला तर काय साधते, याचे उदाहरण भारतातच आहे. पायविहिरींच्या पाण्यातून पसरणारा नारू हा रोग 1980 च्या दशकात महाराष्ट्रासह सात राज्यांत होता आणि 1984 मध्ये देशात त्याचे सुमारे 40 हजार रुग्ण नोंदले गेले होते. पायऱ्या बुजवून विहिरींना कठडे घालणे, पाणी फडक्याने गाळणे आणि घरोघर रुग्ण शोधणे ही त्या मोहिमेची तीन अंगे होती, आणि शेवटच्या टप्प्यात तर रुग्ण कळवणाऱ्याला रोख बक्षीस जाहीर झाले होते. रुग्ण सापडणे हे आरोग्य कर्मचाऱ्याचे अपयश न ठरता त्याचे काम ठरले. देशातला अखेरचा रुग्ण 1996 मध्ये नोंदला गेला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. हेच तत्त्व पाण्याच्या नमुन्याला लावता येईल. एखाद्या तालुक्यातून वर्षभर एकही दूषित नमुना निघाला नाही, तर त्याचे अभिनंदन करण्याआधी तिथले नमुने कसे, कुठून आणि केव्हा घेतले गेले, हे तपासले पाहिजे.

रासायनिक प्रदूषणाचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडील फ्लोराइड किंवा अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे क्षार एका रात्रीत येत नाहीत आणि क्लोरीनने जातही नाहीत. तिथे स्रोत बदलणे किंवा शुद्धीकरणाची स्वतंत्र सोय करणे हाच मार्ग उरतो. वार्षिक तपासणी तिथे पुरेशी असते, पण निष्कर्षानंतरची कृती खर्चिक असल्यामुळे अहवाल फायलीत पडून राहण्याचा धोकाही तिथेच अधिक असतो.

कायद्याची बाजू मात्र कमकुवत आहे. दुकानातील बाटलीबंद पाणी अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली येते, पण ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्याला आयएस 10500 हे मानक मार्गदर्शक आहे, कायद्याने सक्तीचे नाही. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक स्रोताचे संरक्षण केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1991 च्या सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी हा जीवनाच्या हक्काचा भाग मानला. परंतु पाणी दूषित निघाले तर कोणी, किती तासांत, कोणाला कळवायचे, याचे उत्तर शासन निर्णय आणि परिपत्रकांत शोधावे लागते. अमेरिकेत तातडीचा धोका असल्यास लोकांना 24 तासांच्या आत कळवणे यंत्रणेवर बंधनकारक आहे. तशी तरतूद इथे राज्याच्या कायद्यात झाली पाहिजे, आणि तिच्याबरोबरच प्रतिकूल निष्कर्ष वेळेवर कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला कारवाईपासून संरक्षणही मिळाले पाहिजे; कारण शिक्षा दूषित नमुन्याला नव्हे, दडवलेल्या नमुन्याला व्हायला हवी. जलसुरक्षकाला नियमित आणि पुरेसे वेतन, दर वर्षी प्रशिक्षण, टीसीएलच्या प्रत्येक नव्या साठ्याची तपासणी, आणि त्याच्या वहीची पडताळणी करण्यासाठी महिन्यातून एकदा शेवटच्या वस्तीत अचानक येणारा आरोग्य सेवक, एवढे झाले तरी परिस्थितीत मोठा फरक पडेल.

कायदा होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. 1 मे आणि 15 ऑगस्ट या दोन ग्रामसभा बहुतेक गावांत होतात. पहिली पावसाळ्याच्या तोंडावर असते आणि दुसरी भर पावसाळ्यात. त्या दोन्ही सभांत ओटी चाचणीची वही, प्रयोगशाळेचे अहवाल आणि स्वच्छता सर्वेक्षणातील त्रुटींची यादी वाचून दाखवावी, प्रशिक्षित महिलांनी सर्वांसमक्ष शेवटच्या वस्तीतील नळाच्या पाण्याची चाचणी करावी, आणि दोष आढळल्यास दुरुस्तीची तारीख इतिवृत्तात लिहून घ्यावी, अशी मागणी प्रत्येक गावातील नागरिकांनी करावी. त्यासाठी नव्या निधीची किंवा नव्या शासन निर्णयाची गरज नाही.